आयव्हीएफनंतरची बीटा एचसीजी तपासणी: आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही?

भ्रूण प्रत्यारोपण होऊन अकरा दिवस झाले आहेत. सकाळी लॅबमध्ये रक्त देऊन आलात आणि दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला. त्यात एकच आकडा आहे: ९६. शेजारी बारीक अक्षरांतला एक लांबलचक तक्ता. घरचे विचारतात, "पॉझिटिव्ह आहे ना?" तुम्हालाही तेच विचारायचे असते. तेवढ्यात आठवते, की त्याच सेंटरमध्ये ओळख झालेल्या एका मैत्रिणीचा आकडा ४८० होता. मग ९६ म्हणजे कमी का? गर्भ टिकणार नाही का?

आयव्हीएफच्या उपचारातील हा सर्वांत अवघड दिवसांपैकी एक. इंजेक्शने, सोनोग्राफी, भूल, खर्च हे सगळे पार पडल्यावर सारी आशा एका आकड्यावर येऊन थांबते. हा आकडा नक्कीच महत्त्वाचा आहे. पण तो परीक्षेचा निकाल नाही. तो त्या दिवशीचा एक फोटो आहे. पुढे काय होईल याचा अंदाज एका फोटोवरून नव्हे, तर दोन-तीन फोटो शेजारी ठेवून आणि शेवटी सोनोग्राफी करूनच बांधता येतो. तो कसा, ते या लेखात पाहू.

एचसीजी म्हणजे काय आणि 'बीटा' कशासाठी?

गर्भाशयात सोडलेला भ्रूण आतल्या अस्तराला चिकटून रुजू लागतो. त्याच्या बाहेरच्या थरातील पेशींपासून पुढे वार तयार होते. याच पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक बनवतात आणि ते आईच्या रक्तात उतरते. म्हणजे रक्तातील एचसीजी हा भ्रूणाने पाठवलेला पहिला निरोप असतो.

हे संप्रेरक दोन भागांचे बनलेले असते, अल्फा आणि बीटा. अल्फा भाग एलएच, एफएसएच आणि थायरॉइडशी संबंधित टीएसएच या संप्रेरकांमध्येही असतो. त्यामुळे पूर्वीच्या तपासण्यांमध्ये एचसीजी आणि एलएच यांची गल्लत होत असे. १९७२ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी केवळ बीटा भाग ओळखणारी रक्ततपासणी विकसित केली आणि अगदी थोडे एचसीजीसुद्धा खात्रीने मोजता येऊ लागले. म्हणून रिपोर्टवर 'बीटा एचसीजी' असे लिहिलेले असते.

तपासणी नेमकी कोणत्या दिवशी?

बहुतेक सेंटर भ्रूण प्रत्यारोपणानंतर ९ ते १४ दिवसांच्या दरम्यान तपासणी करतात. त्याआधी तपासणी केल्यास भ्रूण रुजलेला असूनही आकडा फार कमी येऊ शकतो आणि नाहक घबराट होते.

आकड्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी आधी पाहा. पहिली, प्रत्यारोपणानंतरचा कितवा दिवस? दुसरी, भ्रूण तिसऱ्या दिवसाचा होता की पाचव्या दिवसाचा, म्हणजे ब्लास्टोसिस्ट? सुरुवातीच्या काळात एचसीजी साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होते. त्यामुळे ब्लास्टोसिस्ट सोडल्यानंतर नवव्या दिवशी ज्या स्त्रीचा आकडा १०० आहे, तिचा चौदाव्या दिवशी ५०० च्या आसपास असू शकतो. म्हणजेच नवव्या दिवशीचे १०० आणि चौदाव्या दिवशीचे १०० यांचा अर्थ एक नाही. मैत्रिणीचे ४८० चौदाव्या दिवशीचे असतील, तर तुमच्या अकराव्या दिवशीच्या ९६ शी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

रिपोर्टवरच्या तक्त्यामुळेही गोंधळ होतो. त्यातील आठवडे बहुधा शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मोजलेले असतात, प्रत्यारोपणापासून नव्हे. ब्लास्टोसिस्ट सोडला त्या दिवशी गर्भधारणा २ आठवडे ५ दिवसांची धरतात, तर तिसऱ्या दिवसाचा भ्रूण असेल तर २ आठवडे ३ दिवसांची. म्हणजे ब्लास्टोसिस्टनंतर नवव्या दिवशी तुम्ही ४ आठवड्यांच्या असता. शिवाय तक्त्यातील प्रत्येक आठवड्याची व्याप्ती इतकी मोठी असते, की त्यावरून "सगळे ठीक आहे" किंवा "काही खरे नाही" यांपैकी काहीच ठरवता येत नाही.

पहिला आकडा कसा वाचावा?

रिपोर्टवर एकक एमआययू प्रति एमएल असे असते. ढोबळमानाने अर्थ असा:

- ५ पेक्षा कमी: गर्भधारणा झालेली नाही. तपासणी ठरलेल्या दिवशीच केली असेल तर हा निकाल सहसा बदलत नाही.
- ५ ते २५: अनिश्चित. दोन दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. यातल्या बऱ्याच गर्भधारणा पुढे जात नाहीत, पण काही जातात.
- २५ पेक्षा जास्त: पॉझिटिव्ह. भ्रूण रुजायला सुरुवात झाली आहे.

आता मुख्य प्रश्न. पहिल्या आकड्यावरून बाळ होईल की नाही हे सांगता येते का? जगभरात यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि त्यांचा सूर एकच आहे. एकाच दिवशी तपासलेल्या शंभर स्त्रिया घेतल्या, तर ज्यांचा आकडा जास्त असतो त्यांच्यात गर्भ टिकण्याचे प्रमाण सरासरीने जास्त असते. पण हे 'सरासरी'चे गणित आहे. कमी आकड्याने सुरुवात होऊन सुखरूप बाळंतपण झालेल्या स्त्रिया असतात आणि भरघोस आकड्यानंतरही गर्भपात झालेल्या असतात. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. म्हणून "इतक्याच्या वर आला की काळजी नको" अशी सर्वांना लागू होणारी रेषा ओढता येत नाही. एखादे सेंटर स्वतःच्या अनुभवावरून अशी रेषा वापरत असेल, तर ती त्या सेंटरच्या तपासणीच्या दिवसाला आणि त्या लॅबच्या पद्धतीलाच लागू असते.

दुसरा आकडा अधिक बोलका

म्हणूनच डॉक्टर बहुतेक वेळा ४८ तासांनी पुन्हा रक्त द्यायला सांगतात. पहिला आकडा किती होता यापेक्षा तो किती वाढला, याला जास्त महत्त्व असते.

"दोन दिवसांत दुप्पट झालाच पाहिजे" असे तुम्ही ऐकले असेल. ते पूर्ण खरे नाही. निरोगी गर्भधारणेतही काहींचा आकडा त्यापेक्षा सावकाश वाढतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने किमान अपेक्षित वाढ पहिल्या आकड्यानुसार दिली आहे. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर ४८ तासांत किमान ४९ टक्के, १५०० ते ३००० असेल तर ४० टक्के आणि ३००० च्या वर असेल तर ३३ टक्के. याहून कमी वाढ असेल तर शंका घ्यायची आणि लक्ष ठेवायचे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांमध्ये, गर्भ सोनोग्राफीत अजून दिसत नसताना, ६३ टक्क्यांहून अधिक वाढ असेल तर गर्भ गर्भाशयात वाढत असण्याची शक्यता बरीच, आणि ५० टक्क्यांहून अधिक घट असेल तर तो टिकण्याची शक्यता कमी, असे धरले आहे.

दोन काल्पनिक उदाहरणे पाहू.

समजा, पहिल्या स्त्रीचा आकडा ६२ आला आणि ४८ तासांनी १३८. सुरुवात लहान आहे, पण वाढ दुपटीहून अधिक आहे. हे चांगले लक्षण.

दुसऱ्या स्त्रीचा आकडा ३१० आला. घरात आनंद झाला. ४८ तासांनी तो ३८० झाला, म्हणजे वाढ जेमतेम २३ टक्के. पहिला आकडा मोठा असूनही इथे डॉक्टर सावध होतील, कारण गर्भ नीट वाढत नसण्याची किंवा तो गर्भाशयाबाहेर रुजला असण्याची शक्यता तपासावी लागेल.

मात्र ही वाढ कायम अशीच राहत नाही. आकडा काही हजारांत गेल्यावर वेग मंदावतो. साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्यात एचसीजी शिखर गाठते आणि नंतर आपोआप कमी होते. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसल्यानंतर पुन्हा पुन्हा बीटा एचसीजी करण्याची सहसा गरज नसते. त्याने फक्त चिंता वाढते.

आकडा कधी फसवतो?

- ट्रिगरचे इंजेक्शन: अंडी परिपक्व होण्यासाठी दिलेले इंजेक्शन बऱ्याचदा एचसीजीचेच असते. ते शरीरातून पूर्ण जायला १० ते १४ दिवस लागू शकतात. घाईने घरी किट वापरले तर ते या औषधामुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रत्यारोपणानंतर आधारासाठी एचसीजी दिले असेल तरी तसेच होते.
- वेगळी लॅब: प्रत्येक लॅबची यंत्रे आणि रसायने वेगळी असतात. त्यामुळे एकाच रक्ताचे आकडे दोन लॅबमध्ये वेगळे येऊ शकतात. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये, शक्यतो त्याच वेळी रक्त द्या. ३६ तासांच्या अंतराने दिलेल्या रक्ताला ४८ तासांचे गणित लावता येत नाही.
- बायोटिन: केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन मोठ्या मात्रेत असू शकते. काही यंत्रांवर त्यामुळे एचसीजी खोटेच कमी दिसते. अशी गोळी चालू असेल तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगा.
- जुळे: जुळ्यांमध्ये आकडा सरासरीने जास्त असतो, पण आकड्यावरून जुळे ओळखता येत नाही. दोन रुजून एक थांबला, तर सुरुवातीला वेगाने वाढलेला आकडा नंतर मंदावतो आणि दुसरा गर्भ मात्र नीट वाढत असतो.
- लघवीचे किट: बरीच किट २५ च्या आसपासची पातळी ओळखतात. रेघ फिकी की गडद यावरून गर्भाची प्रकृती ठरत नाही.

प्रोजेस्टेरॉन आणि इतर संप्रेरकांचे काय?

गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरण्याचे काम प्रोजेस्टेरॉन करते. म्हणूनच प्रत्यारोपणानंतर ते गोळ्या, योनीमार्गात ठेवायची औषधे किंवा इंजेक्शने यांच्या रूपात दिले जाते. गोठवलेला भ्रूण औषधांनी तयार केलेल्या अस्तरात सोडला असेल, तर त्या काळात रक्तातील प्रोजेस्टेरॉन फार कमी असणे चांगले नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे काही डॉक्टर ही पातळी तपासून औषध वाढवतात.

पण इथेही आकडा जपून वाचावा लागतो. योनीमार्गातून दिलेले औषध थेट गर्भाशयापर्यंत पोहोचते. त्यामुळे तिथे ते पुरेसे असूनही रक्तात कमी दिसू शकते. डायड्रोजेस्टेरॉन या गोळीचे काम प्रोजेस्टेरॉनसारखेच असले, तरी ती रक्ताच्या प्रोजेस्टेरॉन तपासणीत मोजली जात नाही. म्हणून "प्रोजेस्टेरॉन कमी आले" एवढ्यावरून घाबरू नका. कोणते औषध, कोणत्या मार्गाने आणि कधी घेतले, हे माहीत असल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

उपचार सुरू होण्यापूर्वी केलेली एएमएच तपासणी अंडाशयातून किती अंडी मिळतील याचा अंदाज देते. रुजलेला गर्भ टिकेल का, हे ती सांगत नाही. एएमएच कमी होते म्हणून आता गर्भ कमजोर असेल, ही भीती मनातून काढून टाका.

आकडा खाली आला तर

कधी कधी आकडा पॉझिटिव्ह येतो, थोडा वाढतो आणि सोनोग्राफीत काही दिसण्यापूर्वीच उतरू लागतो. याला बायोकेमिकल गर्भधारणा म्हणतात. आयव्हीएफच्या इतिहासाची सुरुवातच अशी झाली. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेत फलित झालेला भ्रूण गर्भाशयात सोडला, एचसीजी वाढले आणि थोड्याच दिवसांत सारे थांबले. जगातले पहिले आयव्हीएफ बाळ जन्मले ते १९७८ मध्ये. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्मले ते १९८६ मध्ये.

हे सांगण्याचे कारण, तुमचे दुःख छोटे आहे असे नाही. ज्यांनी तो पॉझिटिव्ह आकडा पाहिला, त्यांच्यासाठी ते एक हातचे निसटलेले मूल असते. घरच्यांनी "अजून काही झालंच नव्हतं" असे म्हणू नये. पण एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवा: यात तुमची चूक नाही. जिना चढल्यामुळे, रिक्षाच्या धक्क्यांमुळे, ऑफिसला गेल्यामुळे किंवा पपईची एक फोड खाल्ल्यामुळे असे झालेले नसते. इतक्या लवकर थांबणाऱ्या गर्भांमध्ये बहुतेकदा गुणसूत्रांतील दोष हे कारण असते आणि तो दोष प्रत्यारोपणापूर्वीच भ्रूणात असतो. सतत पडून राहिल्यानेही यश वाढत नाही.

आकडा उतरू लागल्यावर तो ५ च्या खाली येईपर्यंत तपासत राहणे आवश्यक असते. "आता संपलेच, कशाला पुन्हा रक्त द्यायचे?" असे वाटते, पण ही तपासणी तुमच्या सुरक्षिततेसाठी असते.

सर्वांत महत्त्वाचे: गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा

भ्रूण गर्भाशयात सोडला तरी तो सरकून गर्भनलिकेत रुजू शकतो. आयव्हीएफने झालेली एक सुरुवातीची गर्भधारणा, जी ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली, ती गर्भनलिकेतलीच होती. हे प्रमाण कमी असते, पण दुर्लक्ष झाल्यास नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो आणि जिवावर बेतू शकते.

यात एचसीजी बऱ्याचदा सावकाश वाढते किंवा एका जागी रेंगाळते. पण काही वेळा ते अगदी नीट वाढते. म्हणून "आकडा तर दुप्पट झाला" या भरवशावर दुखणे अंगावर काढू नका. खालीलपैकी काही झाले तर रात्र असो वा सुट्टी, लगेच रुग्णालयात जा आणि आयव्हीएफ झाल्याचे सांगा:

- पोटात, विशेषतः एका बाजूला, वाढत जाणारी कळ
- खांद्याच्या टोकाला दुखणे
- चक्कर, घाम, डोळ्यांसमोर अंधारी, बेशुद्धी
- जास्त रक्तस्राव

थोडा तपकिरी किंवा गुलाबी डाग मात्र अनेकींना दिसतो. योनीमार्गातल्या औषधांमुळेही तो येऊ शकतो. डॉक्टरांना कळवा, पण स्वतःहून औषधे बंद करू नका.

शेवटचा शब्द सोनोग्राफीचा

साधारण पाचव्या आठवड्यात गर्भाशयात गर्भाचा कोष दिसतो, ज्याला डॉक्टर 'सॅक' म्हणतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास हृदयाचे ठोके दिसू लागतात. ब्लास्टोसिस्ट सोडला असेल तर सहा आठवडे म्हणजे प्रत्यारोपणानंतरचे सुमारे २३ दिवस. म्हणून पहिली सोनोग्राफी बहुधा सहा ते सात आठवड्यांच्या दरम्यान ठेवतात. गर्भ कुठे आहे, किती आहेत आणि वाढतो आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळतात. पहिल्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत आणि गर्भ अजून फार लहान असेल, तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहिल्याशिवाय अंतिम निर्णय घेतला जात नाही.

या दिवसांत काय करावे?

- दोन्ही तपासण्यांच्या तारखा, वेळा आणि आकडे एका कागदावर लिहून ठेवा. प्रत्यारोपणाची तारीख आणि भ्रूण कितव्या दिवसाचा होता तेही लिहा.
- आकडा कमी आला म्हणून प्रोजेस्टेरॉन स्वतःहून थांबवू नका. थांबवायचे का, ते डॉक्टर दुसऱ्या तपासणीनंतर सांगतील.
- डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: पुढची तपासणी कधी? सोनोग्राफी कधी? रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?
- कुणाला आणि कधी सांगायचे, हे दोघांनी मिळून आधीच ठरवा. सासर-माहेरच्यांनी रोज "आकडा किती?" असे विचारण्यापेक्षा "जेवलीस का? बरोबर येऊ का?" असे विचारले तर जास्त आधार वाटतो.

आता पुन्हा त्या अकराव्या दिवशीच्या ९६ कडे या. त्याचा अर्थ एवढाच: भ्रूण रुजायला लागला आहे आणि त्याने निरोप पाठवला आहे. तो किती खंबीर आहे हे परवाचा आकडा सांगेल आणि त्यानंतर साधारण दहा दिवसांनी होणारी सोनोग्राफी. तोवर आनंद दाबून ठेवायची गरज नाही आणि आशा सोडायचीही नाही. औषधे वेळेवर घ्या, परवा त्याच लॅबमध्ये त्याच वेळी जा आणि पोटात दुखले तर थांबू नका.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या रिपोर्टचा अर्थ तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.